जीबीएस: 'पुणे सोडा' म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

मुठाकाठ
सिंहगड रोडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतंय: "जीबीएस संसर्गजन्य आहे, मास्क लावा, चिकन-पनीर बंद करा, जमल्यास पुणे सोडा." यातलं एकही कलम धड नाही. जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) माणसाकडून माणसाला लागत नाही. बहुतेकदा आधी पोट बिघडतं आणि एक ते तीन आठवड्यांनी आपलीच प्रतिकारशक्ती नसांवर उलटते. जानेवारी २०२५ मध्ये रुग्ण वाढले ते मुख्यतः नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात, आणि शौचाच्या काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर (पोट बिघडवणारा जिवाणू) व नोरोव्हायरस (जुलाब-उलट्यांचा विषाणू) सापडले. मास्क राहू द्या, पाणी बघा. कॅम्पिलोबॅक्टर झालेल्या साधारण हजारांत एकाला जीबीएस होतो. घाबरू नका.

पायथा
"घाबरू नका" एवढ्यावर थांबलात तर लोक घरी बसून राहतील. जुलाब बरे झाल्यावर दोन्ही पायांना मुंग्या, जिना चढताना गुडघे मोडणं, चप्पल पायातून निसटणं, आणि हे रोज वर चढत जाणं: त्याच दिवशी आयसीयू असलेलं हॉस्पिटल गाठायचं. आयव्हीआयजी (शिरेतून द्यायचं प्रतिपिंडांचं औषध) पहिल्या दोन आठवड्यांत द्यावं लागतं, किलोमागे रोज ०.४ ग्रॅम, पाच दिवस. ६० किलोच्या माणसाला एकूण १२० ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या २४ बाटल्या. स्टिरॉइडचा उपयोग नाही. नसांची तपासणी पहिल्या काही दिवसांत नॉर्मल येऊ शकते, तेवढ्यावर रुग्ण घरी आणू नका.

मुठाकाठ
मान्य, हे मी लिहायला हवं होतं. भर घालतो: एका श्वासात मोठ्याने आकडे मोजायला लावा. विसाच्या आत दम तुटत असेल तर अॅम्ब्युलन्स बोलवा. बोटावरचं ऑक्सिमीटर शेवटपर्यंत ९८ दाखवू शकतं, त्यावर विसंबू नका.

टाकीवाला
चिकनचा विषय अर्धवट सोडलात. चिकन बंद करायचं कारण नाही, पण कच्चं चिकन नळाखाली धुणं बंद करा. शिंतोडे सिंकभर उडतात, शेजारी कोशिंबिरीची काकडी असते. हाडाजवळ गुलाबी राहता कामा नये. आणि नोरोव्हायरसला सॅनिटायझर पुरत नाही, साबणच लागतो.

आता पाणी. प्रत्येक सोसायटीने टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकायला सुरुवात करावी. महापालिकेची वाट बघत बसू नये.

ओटीबाटली
याला माझा ठाम विरोध! कमिटीचा माणूस मूठभर पावडर वरच्या टाकीत भिरकावतो, चुन्याचा गाळ तळाला बसतो, पहिल्या मजल्यावर डोळे चुरचुरतात आणि शेवटच्या नळाला शून्य क्लोरीन.

टाकीवाला
मग करायचं काय? हात जोडून बसायचं? २०२१ मध्ये नांदेड, किरकटवाडी ही गावं महापालिकेच्या हद्दीत घेतली, पण शुद्धीकरण न झालेलं विहिरीचं पाणी लोक पीतच राहिले. तुमचा विरोध आमच्या घशाखाली उतरत नाही!

ओटीबाटली
आवाज चढवून क्लोरीन वाढत नाही. करायचंच तर नीट करा. आधी टाकी घासून रिकामी करा, कारण गढूळ पाणी आणि शेवाळच क्लोरीन खाऊन टाकतं. ३३ टक्क्यांची ताजी टीसीएल १००० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे १०,००० लिटरला ५०. स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. प्लॅस्टिकच्या बादलीत कालवून अर्धा तास ठेवा, वरची निवळीच खालच्या टाकीत ओता, गाळ नको. पुन्हा अर्धा तास थांबून मग पंप. पोतं उघडं राहून दमट झालेलं असेल तर ती पावडर मेलेली समजा.

नंतर सर्वांत लांबच्या नळाला ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून क्लोरीनची तपासणी. रंग पहिल्या १० सेकंदांत वाचायचा. लगेच पिवळी छटा आली तर मोकळा (जंतू मारायला शिल्लक असलेला) क्लोरीन आहे, लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. पाच मिनिटांनी पिवळं झालेलं धरायचं नाही. टँकर आला तर त्याच्या तोटीला हीच टेस्ट, टाकीत ओतण्याआधी.

पायथा
आमच्याकडे आरओ आहे म्हणणाऱ्यांनाही सांगा.

ओटीबाटली
आरओतला कार्बन क्लोरीन काढून टाकतो. ते पाणी उघड्या पिंपात दोन दिवस ठेवलं आणि पेला बुडवून घेतला तर त्याला राखण काहीच नाही. तोटीचं भांडं वापरा. शंका असेल तर खळखळून एक मिनिट उकळा, झाकून गार करा.

टाकीवाला
वजनकाट्याचं पटलं. मूठभर टाकायचं बंद. पण सोसायटीने स्वतः करू नये, हे अजून पटलेलं नाही. ओटीची बाटली मेडिकलमध्ये मिळते की पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात?

ओटीबाटली
प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात मागा. अंधारात ठेवा, आणि घेताना तारीख बघा.