ग्राफिक्स कार्ड बदललं आणि पीसीच चालू होईना, ऐन लग्नसराईत काम अडकलंय

बार्शीचा_एडिटर
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. माझा पीसी जुना आहे, आय५ ४४६० प्रोसेसर, एच८१ मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, विंडोज २४० जीबीच्या एसएसडीवर आणि फुटेज १ टीबी हार्डडिस्कवर. आतापर्यंत जीटी ७१० या जुन्या ग्राफिक्स कार्डावर लग्नाचे व्हिडिओ एडिट करत होतो म्हणजे टाइमलाइन सरकवली की चहा पिऊन यायचं अशी गत. परवा पुण्याच्या एकाकडून सेकंडहँड जीटीएक्स १६६० सुपर घेतलं, त्याच्याकडे चालू बघूनच घेतलंय. घरी आणून लावलं, बटण दाबलं, सीपीयूचा फॅन फिरतो, कार्डाचे फॅन पण जरा फिरून थांबतात, पण मॉनिटरवर काहीच नाही, नुसतं नो सिग्नल. जुनं कार्ड लावलं की सगळं व्यवस्थित चालू होतं. चारदा करून बघितलं. कार्ड मेलंय का? का बोर्डच हे कार्ड घेत नाही? पार्टी रोज दोनदा फोन करतीये, व्हिडिओ कधी देताय म्हणून.

सायबर_पंत
बोर्डावरचा सेल काढ, पाच मिनिटांनी परत लाव. नाही झालं तर विंडोज उडवून नवीन टाक, जुना ड्रायव्हर आडवा येत असणार.

नाशिकचा_हार्डवेअरवाला
पंत, बायोसचा (बोर्डाचा स्वतःचा प्रोग्राम, विंडोजच्या आधी चालतो तो) लोगोसुद्धा दिसत नाहीये तिथं विंडोजचा काय संबंध, ते अजून झोपेतच आहे. ड्रायव्हरची भानगड त्यानंतरची.

एडिटर भाऊ, दोन गोष्टी सांगा. मॉनिटरची वायर कुठली आहे आणि नेमकी कुठं खोचलीये? आणि कार्डाला वरून ८ पिनचं कनेक्शन लागतं ते कुठून दिलंय? जमलं तर एसएमपीएसच्या, म्हणजे पॉवर सप्लायच्या डब्याच्या, स्टिकरवर काय लिहिलंय तेही वाचून सांगा, +१२व्ही समोर किती ए (अँपिअर) आहे ते.

बार्शीचा_एडिटर
मॉनिटर जुना आहे, निळी व्हीजीए वायर. जीटी ७१० ला व्हीजीए होतं, या नवीन कार्डाला ते भोकच नाही, एचडीएमआय वगैरे आहे, म्हणून वायर खाली बोर्डाच्या व्हीजीएला लावली. ८ पिनची वायर माझ्या एसएमपीएसला नव्हती, तर त्या पोराने एक कन्व्हर्टर फुकट दिला, एका बाजूला हार्डडिस्कला लावतात तसला चपटा साटा पॉवर आणि दुसऱ्या बाजूला ८ पिन. स्टिकरवर मोठ्या अक्षरात ४५० वॉट लिहिलंय, +१२व्ही समोर १८ए.

नाशिकचा_हार्डवेअरवाला
मग कार्ड बहुतेक ठणठणीत आहे. स्लॉटमध्ये कार्ड बसलं की बोर्ड स्वतःचं डिस्प्ले पोर्ट बंद करून टाकतो, बायोसमध्ये मुद्दाम दोन्ही चालू ठेवायचं सेटिंग केलं असेल तरच बोर्डाचं व्हीजीए चालतं. म्हणजे कार्ड बिचारं एचडीएमआयवर चित्र देतंय आणि तुम्ही खालच्या भोकाकडे बघत बसलाय. मॉनिटरला एचडीएमआय असेल तर थेट वायर लावा, नसेल तर एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर मिळतो, आत चिप असलेला, तो आणा. कार्डाला डीव्हीआय असेल आणि दुकानदार साधा डीव्हीआय टू व्हीजीएचा ठोकळा द्यायला लागला तर घेऊ नका, या कार्डांतून अॅनालॉग सिग्नल निघतच नाही, तो ठोकळा काय करणार.

आता त्या फुकटच्या कन्व्हर्टरबद्दल. तो आत्ताच्या आत्ता काढून फेका. साटा पॉवरच्या प्लगमधून १२ व्होल्टवर जास्तीत जास्त ५४ वॉट घ्यायचे असतात आणि ८ पिन धरलेली असते १५० वॉटला. तुमचं कार्ड १२५ वॉटचं. लोगो दिसेपर्यंत काही होणार नाही, पण एक्सपोर्टला लावून जेवायला गेलात की तो चपटा प्लग वितळणार, असे काळे पडलेले प्लग माझ्या टेबलावर आलेत. आणि तुमचा एसएमपीएस ४५० चा फक्त स्टिकरवर. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॉट. प्रोसेसर ८४, कार्ड १२५, इथंच २०९ झाले, त्यात डिस्क, फॅन, बोर्ड राहिलेच. एनव्हिडिया या कार्डाला ४५० वॉट सांगते ते खऱ्या ४५० ला. चांगला ५५० चा घ्या, ६+२ पिनची वायर असलेला, आणि लावताना ते सुटे २ पिन लोंबकळत ठेवू नका, आठही बसले पाहिजेत.

कोथरूडचे_काका
आमच्या वेळी एसएमपीएस हातात धरून वजनावर पारखायचो, हलका लागला की परत. अजूनही बऱ्यापैकी लागू पडतं 😄

बार्शीचा_एडिटर
दादा पाया पडतो! सोलापूरहून ५५० चा एसएमपीएस आणला, मॉनिटरला मागे एचडीएमआय निघालं (सहा वर्षं वापरतोय आणि कधी बघितलंच नव्हतं) आणि डिस्प्ले आला. पण आता नवीन लफडं, काळ्या स्क्रीनवर रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस असं येतंय आणि तिथंच अडकतंय. मधे पंतांचं ऐकून सेल पण काढून लावला होता, बायोसमध्ये तारीख पार मागची दाखवतंय. सेलमुळे झालं का? विंडोज नवीन टाकू का आता?

सायबर_पंत
मी आधीच बोललो होतो विंडोज टाक म्हणून.

नाशिकचा_हार्डवेअरवाला
थांबा, काहीही टाकू नका. कामाचं फुटेज आहे त्या मशीनमध्ये, घाईत भलतीच डिस्क फॉरमॅट केली तर पार्टीला काय त्यांचं लग्न परत लावायला सांगणार का. तारीख सेलमुळेच गेली, ती नीट करा. मग बायोसमध्ये साटाची (डिस्क जोडतात त्या पोर्टांची) यादी बघा, त्यात एसएसडीचं नाव दिसतंय का? दिसत असेल तर बूटचा क्रम किंवा लेगसी-युईएफआयचं (बूटची जुनी की नवी पद्धत) सेटिंग सेल काढल्यावर बदललंय. दिसतच नसेल तर वायर सुटलीये.

बार्शीचा_एडिटर
नाही दिसत! फक्त १ टीबी दिसतीये.

नाशिकचा_हार्डवेअरवाला
पीसी बंद, मागचं बटण बंद, बाजूचं झाकण काढा आणि मोबाईलची बॅटरी लावून कार्डाच्या शेपटाखाली बघा. जीटी ७१० वीतभर पण नव्हतं, हे लांबडं आहे, आणि छोट्या एच८१ बोर्डांवर साटाची पोर्टं बरोबर त्याच कोपऱ्यात असतात.

बार्शीचा_एडिटर
सापडलं!! कार्डाचं प्लॅस्टिक बरोबर साटाच्या वायरीच्या डोक्यावर टेकलं होतं, कार्ड जोर लावून दाबताना ती वायर अर्धी बाहेर आली होती, नुसती बघितली तर बसलेलीच वाटत होती, बोट लावलं की हलत होती. शेजारच्या पोर्टात लावली आणि विंडोज जसंच्या तसं चालू झालं, डेस्कटॉपवरचं हळदीचं फोल्डर बघून जीव भांड्यात पडला. ड्रायव्हर नवीन टाकला. एक तासाचं एक्सपोर्ट पूर्वी अडीच तास घ्यायचं ते आत्ता चाळीस मिनिटांत झालं.

नाशिकचा_हार्डवेअरवाला
मस्त. फक्त शेजारचं पोर्ट कुठलं ते बघा, एच८१ ला दोनच पोर्टं ६ गिगाबिटची असतात, बाकीची ३ ची, एसएसडी तिथं अर्ध्या वेगाने चालेल. काटकोनात वाकलेल्या डोक्याची साटा वायर मिळते, ती घ्या आणि परत मूळच्या पोर्टात लावा.

बार्शीचा_एडिटर
उद्या बघतो, आत्ता एक्सपोर्ट चालू आहे, झाकण उघडायची हिंमत नाही. जुनं जीटी ७१० कुणाला हवंय का, व्हीजीए आहे त्याला 😅