बर्फावरचं स्केटिंग, साठच्या दशकातली अमेरिका: तुमच्याही आठवणी लिहा

मधुमालती
भाच्याने मॅडिसनहून मेंडोटा तळ्याचा फोटो पाठवला. जानेवारी लागला तरी नुसतं पाणी! मन थेट 1964 मध्ये गेलं. बाबा विस्कॉन्सिन विद्यापीठात पीएचडी करत होते, आम्ही विद्यापीठाच्याच ईगल हाइट्स वसाहतीतल्या बिऱ्हाडात. शनिवारी शेजारी आम्हा पोरांना गाडीत कोंबून व्हिलास पार्कच्या तळ्यावर न्यायचे. मुलींचे स्केट पांढरे, मुलांचे काळे. नाडी बाबाच आवळायचे, घोटा जराही हलता कामा नये म्हणून. आई साडीवर ओव्हरकोट घालून काठावर उभी. शेजारीच प्राणिसंग्रहालय, मधूनच सिंहाची डरकाळी ऐकू यायची. थंडी वाढली की रात्री मेंडोटाचा बर्फ तडकताना घुमायचा, आजी असती तर रामरक्षा म्हणायला लागली असती. तुमच्यापैकी कोण होतं तिकडे?

शेवंती
साडीत!! आईंना नमस्कार सांगा __/\__

नानाकाका
आम्ही मिनिआपोलिसला, लेक ऑफ द आइल्स या तळ्यावर. काठावर ऊब घ्यायची खोली असायची, लाकडी बाकं, ओल्या लोकरी मोज्यांचा वास. बोटं पूर्ववत होताना ज्या कळा यायच्या, आई गं. बर्फ चार इंच झाल्याशिवाय वडील पाय ठेवू देत नसत.

रानवारा
स्पीड स्केटर एरिक हायडन मॅडिसनचाच ना? 1980 चं हिवाळी ऑलिंपिक, लेक प्लॅसिड, 500 पासून 10,000 मीटरपर्यंत पाचही सुवर्णपदकं.

मधुमालती
हो रानवारा, आमच्याच गावचा! बहीण बेथला पण कांस्य मिळालं तेव्हा.

कुसुमावती
पेगी फ्लेमिंग, 1968, ग्रेनोबलचं हिवाळी ऑलिंपिक, फिगर स्केटिंगचं सुवर्ण. शेजाऱ्यांकडे रंगीत टीव्ही होता. तो हिरवा पोशाख अजून डोळ्यांपुढे आहे. 1961 च्या विमान अपघातात अमेरिकेचा सगळा फिगर स्केटिंग संघ गेला होता, त्यामुळे ती जिंकली तेव्हा शेजारच्या काकू रडल्याच. बाकी नंतर लिहिते, कुकर झाला.

देवदार
अमेरिका नाही, पण सिमल्याचं रिंक, म्हणजे स्केटिंगचं मैदान, 1920 चं. संध्याकाळी पाणी शिंपडायचं, रात्रीच्या थंडीत आपोआप गोठतं. वडिलांची बदली होती तिथे.

शेवंती
मधुमालतीताई, तिकडे तेव्हा पोहे मिळायचे? खाऊ काय न्यायचात?

मधुमालती
पोहे कुठले! राइस क्रिस्पीजचा, म्हणजे तांदळाच्या कुरकुरीत सीरियलचा चिवडा. आई डबा भरून द्यायची, अमेरिकन पोरं हातमोजे काढून तुटून पडायची.

नानाकाका
आमच्याकडे कॉर्नफ्लेक्सचा. कढीपत्ता नसायचा, पण हिंग भारतातून आलेला.

शेवंती
क्रिस्पीज आधी भाजायचे की थेट फोडणीत?

मधुमालती
फोडणी गार करून मग घाल गं, नाहीतर मऊ पडतात. दाणे आधी तळून घे.