अस्वल ओसरीवर आलं म्हणून गोळी? फ्लोरिडाचा 2024 चा कायदा बदलायला हवा

ओसरी:

दिवाळीतली गोष्ट. आम्ही ऑर्लँडोच्या उत्तरेला, लाँगवूडमध्ये राहतो. चकल्या-शेव तळून झाल्यावर उरलेलं तेल गार केलं, दुधाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरलं आणि कचऱ्यात टाकलं. सकाळी लवकर उठायला नको म्हणून नवऱ्याने डबा रात्रीच रस्त्याकडेला नेऊन ठेवला.

सव्वादोनला गॅरेजवरच्या कॅमेऱ्याने फोन वाजवला. बघते तर अस्वल. डबा आडवा पाडला, पुढचे दोन्ही पाय रोवून एकदाच दाबला, झाकण फटकन उघडलं. पिशव्या बाजूला सारल्या, तेलाचा कॅन बरोबर शोधला, दाताने भोक पाडलं आणि ड्राइव्हवेवर चक्क फतकल मारून, पंजात धरून चाटत बसलं. अकरा मिनिटं! मग उठून शेजाऱ्यांच्या डब्याकडे.

चूक आमची. इथे कचरा उचलण्याच्या दिवशी सकाळीच डबा बाहेर काढायचा असा नियम आहे, आणि तो उगीच आलेला नाही. 2013 च्या डिसेंबरात लाँगवूडमध्ये कुत्रे फिरवणाऱ्या एका बाईंवर, आणि 2014 च्या एप्रिलमध्ये लेक मेरीत दुसऱ्या एकीवर तिच्या घरापाशीच अस्वलाने हल्ला केला होता. त्यानंतर काउंटीने, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाने, कचऱ्याचे नियम कडक केले.

आता मुद्दा. जून 2024 मध्ये गव्हर्नर डिसँटिस यांनी एचबी 87 या अस्वलांबद्दलच्या विधेयकावर सही केली आणि 1 जुलैपासून तो लागू झाला. स्वतःला, दुसऱ्या कुणाला किंवा पाळीव प्राण्याला जिवाचा धोका आहे, किंवा घराचं मोठं नुकसान होईल, असं 'वाजवी कारणाने वाटलं' तर परवान्याशिवाय अस्वल मारता येतं. 24 तासांत राज्याच्या वन्यजीव आयोगाला कळवायचं. मेलेलं अस्वल ठेवायचं नाही, विकायचं नाही. बस.

विधेयक आणणारे आमदार जेसन शोफ यांनी सभागृहात सांगितलं होतं की आपण बोलतोय ते क्रॅक घेतलेल्या, दार तोडून दिवाणखान्यात गुरगुरणाऱ्या अस्वलांबद्दल. लोक हसले, मीही हसले. मग कायद्याची भाषा वाचली. 'घर' या शब्दाची व्याख्या त्यांनी 'स्टँड युअर ग्राउंड'वाल्या, म्हणजे माणसाच्या स्वसंरक्षणाच्या, कलमांतून उचलली आहे. म्हणजे घराला जोडलेली ओसरी आली. तंबूसुद्धा आला! आमच्या भागात निम्म्या घरांच्या ओसरीला नुसती डासांची जाळी असते. आत कुत्र्याच्या खाण्याची पिशवी ठेवा, अस्वल नखाने जाळी फाडणारच. हे 'मोठं नुकसान' की शंभर डॉलरची जाळी?

आणि तिथे साक्षीदार कोण? गोळी झाडणारा. दुसरा पक्ष मेलेला.

माझा विरोध जीव वाचवण्याला नाही. कुत्रा आणि जाळी यांना माणसाच्या जिवाच्या ओळीत बसवण्याला आहे. कुत्र्याचं तर विचारूच नका. अंगावर भुंकत धावतो तोच, मग अस्वल वळलं की 'माझ्या कुत्र्यावर हल्ला झाला'.

पॅनहँडलकर:

ताई, किस्सा झकास. पण तुम्ही फाटक असलेल्या वसाहतीतून बोलताय. मी राज्याच्या वायव्येला, पॅनहँडलमधल्या वकुला काउंटीत पाच एकरांवर राहतो. दोन मुलं, सात शेळ्या, एक म्हातारा लॅब्रेडॉर. 911 फिरवला तर डेप्युटी यायला पाऊण तास, तोही रस्ता सुकलेला असेल तर.

हा कायदा राजधानीतल्या, टॅलाहासीतल्या कुणाच्या डोक्यातून नाही आला. शेजारच्या फ्रँकलिन काउंटीचा शेरीफच मागे लागला होता. कॅराबेलसारख्या छोट्या गावात अस्वलं भरदिवसा रस्त्यावर फिरतात. अपालाचिकोलाचं जंगल भिंतीला भिंत लागून आहे आमच्या.

'अस्वलांचं संरक्षण काढून घेतलं' अशी कायद्याच्या विरोधकांची ओरड ऐकून वाटतं शेवटची चार अस्वलं उरलीत. 1970 च्या दशकात तीनशे ते पाचशे होती, तेव्हा 1974 ला संकटग्रस्त यादीत घातली. बरोबरच केलं. आज चार हजारांच्या आसपास आहेत आणि 2012 मध्ये यादीतून काढली. यश मिळालं की नियम बदलायचे नाहीत का?

आणि एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत. मे 2025 मध्ये कॉलियर काउंटीत 89 वर्षांचे गृहस्थ काळ्या अस्वलाच्या हल्ल्यात गेले. फ्लोरिडात नोंद झालेला असा पहिला मृत्यू. त्यांच्या घरच्यांसमोर जाऊन डासांच्या जाळीचे विनोद करून दाखवा.

खारूताई:

अस्वलाला चकली आवडली का ते राहिलंच.

ओसरी:

@खारूताई, फक्त तेल. चकल्यांच्या चुऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. भाजणी बिघडली होती म्हणा.

@पॅनहँडलकर, कॉलियरचं लिहायला हवं होतं, मान्य. पण तारखा बघा. कायदा जुलै 2024 पासून लागू, मृत्यू मे 2025 मधला. म्हणजे बंदुकीची मुभा असतानाच तो झाला. अशा अचानक हल्ल्यात 'वाजवी कारणाने वाटण्या'ला वेळच मिळत नाही. वेळ मिळतो तो माझ्यासारखीला, अकरा मिनिटं कॅमेऱ्यात बघत बसलेलीला. आणि माझ्या जिवाला काडीचा धोका नव्हता.

सनद_माळ्यावर:

(पूर्वी वकिली करायचो, आता नाही. हा सल्ला समजू नये.)

ओसरी, व्याख्या बरोबर वाचलीत, पण पुढची कलमं गाळलीत. स्वतःला किंवा पाळीव प्राण्याला मुद्दाम वा बेफिकिरीने अशा जागी आणलं की गोळी घालायची वेळ येईल, तर सूट नाही. आमिष दाखवून बोलावलं असेल तरी नाही.

पॅनहँडलकर, तुम्ही खूश होण्याआधी त्या आमिषाच्या कलमातले शब्द बघा: 'बेकायदा हेतूने'. उदाहरण दिलंय कुत्र्यांना अस्वलाच्या शिकारीचं शिक्षण देण्याचं. आळसाने डबा बाहेर ठेवणाऱ्याचा हेतू बेकायदा नसतो. म्हणजे या धाग्यातल्या नवरोबांनी त्या रात्री गोळी घातली असती, तर आमिषाच्या कलमाखाली त्यांना पकडणं अवघड होतं. बेफिकिरीच्या कलमाखाली कदाचित. पण ते सिद्ध करायला सरकारी वकील इतका उत्साही हवा, आणि अस्वलासाठी तसा उत्साह मी अजून पाहिलेला नाही.

जिवावर बेतलं म्हणून केलेल्या कृतीला 'नाइलाजाचा' बचाव अमेरिकी कोर्टांत जुनाच आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नव्हता.

पॅनहँडलकर:

बचाव म्हणजे कोर्टात उभं राहिल्यावर ना साहेब? तोवर तुमच्या जातभाईंची फी कोण देणार?

नेमकं हेच हवं होतं आम्हाला. आधी परवाना नसताना मारलं की गुन्हा, आणि सिद्ध करायचं आम्ही. शहरातला माणूस म्हणतो 'कोर्ट समजून घेईल'. गावातल्या माणसाला कोर्टाची पायरी चढणं हीच शिक्षा वाटते. हे मराठी माणसाला वेगळं सांगायला हवं?

शोफ जे बोलले ते मूर्खासारखं होतं. पण कायदा म्हणजे त्यांचं भाषण नव्हे.

मोहफूल:

गडचिरोलीचा आहे, म्हणून थोडं लिहितो. आमचं अस्वल वेगळं. तुमचं काळं अस्वल भ्यालं की झाडावर चढते म्हणतात. आमचं सरळ अंगावर येते. मार्च-एप्रिलात पहाटे मोहफुलं वेचायला बाया जातात, वाकून वेचत असतात, आणि तेच खायला तेही आलं असते. दोघंही खाली मान घालून. मान वर होते तेव्हा चार हातांचं अंतर. माझ्या मोठ्या काकाचा अर्धा चेहरा असाच गेला. 

तरी आपल्या 1972 च्या वन्यजीव कायद्यात कलम 11 बघा. स्वतःच्या किंवा दुसऱ्या माणसाच्या बचावासाठी सद्हेतूने जनावर मारलं तर गुन्हा नाही. माणसाच्या! कुत्रा नाही, घर नाही. मेलेलं जनावर सरकारचं. पॅनहँडलकर भाऊ, तुमच्याकडे एक माणूस गेला, वाईटच झालं. आमच्याकडे दर हंगामात कुणी ना कुणी जखमी होते, अन् तरी 'कुत्र्यासाठी गोळी'ची मागणी काकानंसुद्धा कधी केली नाही. त्याची मागणी एकच होती, दवाखान्याचे पैसे लवकर द्या.

(ते किती लवकर मिळाले हा वेगळा धागा होईल.)

पॅनहँडलकर:

मोहफूल, काकांचं वाचून गप्प झालो. पण गडचिरोलीत घरोघरी परवान्याची बंदूक असती, तर मागणी हीच राहिली असती का?

मोहफूल:

नसती राहिली. पण तेव्हा अस्वलंही राहिली नसती.

डुरँगोची_सून:

कोलोरॅडोतून. आमच्या डुरँगो गावात संशोधकांनी काही भागांत अस्वलाला न उघडणारे डबे वाटले, काही भागांत नाही, आणि काही वर्षं मोजत बसले. 2018 मध्ये निष्कर्ष छापून आले. डबे मिळालेल्या भागांत कचऱ्याचे प्रकार दुसऱ्या भागांपेक्षा 60 टक्के कमी. गंमत म्हणजे डबा मिळाला तरी सगळे कुलूप लावत नव्हते. माझे सासरे त्यातलेच. खटका बोटाला लागतो म्हणे.

उत्तर अमेरिकेत 1900 ते 2009 या 110 वर्षांत काळ्या अस्वलांनी 63 माणसं मारली. तेवढ्यासाठी कायदे सैल करायचे तर माणसांचे जीव घेणाऱ्या कुत्र्यांचं काय करायचं हो?

ओसरी:

@डुरँगोची_सून, तेच म्हणतेय. शरद ऋतूत हे प्राणी दिवसाला वीस हजार कॅलरीपर्यंत खातात. पामेटोची बोरं आणि ओकची फळं वेचत दिवसभर वणवण करायची, की माझा डबा दहा मिनिटांत? अस्वलाचा हिशोब पक्का आहे. आपला हिशोब आपणच बिघडवतो आणि बिल त्याच्या नावावर फाडतो.

@पॅनहँडलकर, चार हजार हा आकडा एका कळपाचा नाही. सात वेगवेगळे गट आहेत, मधे महामार्ग आणि वसाहती. ग्लेड्स-हायलंड्सचा गट तर अगदीच लहान. गाड्यांखालीच दरवर्षी दोनशेच्या वर मरतात. 2015 ची शिकार आठवते ना? आठवडाभर चालायची होती, मर्यादा 320 ची. दोन दिवसांत 304 मारली गेली आणि घाईघाईने बंद करावी लागली. त्यांत दूध पाजणाऱ्या माद्याही होत्या. मग दहा वर्षांनी, डिसेंबर 2025 मध्ये, पुन्हा शिकार. 172 परवाने आणि एक लाख साठ हजारांहून जास्त अर्ज! त्यांत शिकारविरोधकांनीही परवाना अडवून ठेवायला पैसे भरले, पण हौस किती आहे ते दिसलंच. असल्या हौशी राज्यात 'वाटलं म्हणून' हा शब्द कायद्यात घालायचा?

पॅनहँडलकर:

शिकारीचा कोटा आणि घरातला बचाव या दोन गोष्टी आहेत, एकाच पातेल्यात टाकू नका. कोटा आयोग ठरवतो, शास्त्रज्ञांच्या आकड्यांवरून. माझ्या शेळ्यांचा निर्णय मला रात्री दोनला घ्यायचाय. त्यातही शेळी 'पाळीव प्राण्यां'त धरतात का, हेही मला नीट कुणी सांगत नाही!

प्रामाणिकपणे सांगतो, मी आजवर एकही अस्वल मारलेलं नाही. गोठ्याभोवती विजेचं कुंपण घातलं, तेव्हापासून शेळी गेली नाही. पण त्याला पैसे लागले, आणि वादळात वीज गेली की कुंपण म्हणजे नुसती तार. त्या रात्री माझ्याजवळ कायदा असावा, एवढंच.

सनद_माळ्यावर:

बघा, शेळीवर येऊन गाडं अडलं. कायदा घाईत झाला की असं होतं.

ओसरी:

त्या रात्रीपुरता, माणसाच्या जिवासाठी तुमच्याजवळ कायदा असावा, याला माझी ना नाही. मी आमच्या आमदाराला लिहिलंय तेही एवढंच: पाळीव प्राणी आणि घराचं नुकसान हे शब्द काढा, आणि गोळी घालणाऱ्याचा कचरा कुठे होता हे तपासायची सक्ती करा. अजून छापील उत्तराशिवाय काही आलं नाही.

बाकी आता तळणीचं तेल आणि कोळंबीची सालं कचऱ्याच्या सकाळपर्यंत फ्रीजरमध्ये. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, अमेरिकेत जाऊन हेच शिकलात?

थांबा, समोरच्यांचा डबा आत्ताच बाहेर आलाय. रात्रीचे साडेनऊ. झाकणाला पट्टासुद्धा नाही. जाऊन सांगून येते.

पॅनहँडलकर:

जाताना टॉर्च न्या. आणि कुत्रा घरात ठेवा.