पिकअपचा टर्बो गेला: कोर बदलू, नवा बसवू की मोठा टाकू?

नमस्कार मंडळी, जाणकारांनी कृपया लवकर सांगा, टोमॅटोचा हंगाम चालू आहे आणि गाडी दारात उभी आहे.

२०१७ ची डिझेल पिकअप, २.५ लिटर, चार सिलिंडर, १ लाख ८४ हजार किलोमीटर. दिंडोरीहून वाशी मार्केटला रात्रीच्या खेपा, धाकटा भाऊ चालवतो. महिनाभर गाडी ऑइल खात होती, खेपेला अर्धा लिटर टाकावं लागायचं. सकाळी निळा धूर. जाताना कसारा घाट उताराचा, म्हणून भरलेल्या गाडीत काही कळलं नाही. मागच्या आठवड्यात येताना मागे नुसते रिकामे कॅरेट होते, तरी अख्खा चढ दुसऱ्या गिअरवर काढावा लागला. आधी बारीक शिट्टी यायची, आता ॲक्सिलरेटर दाबला की सायरनसारखा आवाज येतो.

रविवारी आम्ही एअर फिल्टरकडून टर्बोत (इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरून आत जास्त हवा कोंबणारा पंखा) जाणारा होज काढला. आत ऑइलचा थर. पंख्याचा दांडा, म्हणजे शाफ्ट, पुढे-मागे ओढला तर स्पष्ट हलतो आणि पंख्याची पाती बॉडीला घासल्याच्या खुणा आहेत. इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारी जाळी) खालच्या होजमधून वाटीभर ऑइल निघालं. तेव्हापासून चावी लावलेली नाही.

तीन मेकॅनिकना दाखवलं. एक म्हणतो फक्त कोर, म्हणजे बॉडीच्या आतला शाफ्ट-बेअरिंगचा भाग, बदला. दुसरा म्हणतो पूर्ण नवा घ्या. तिसरा म्हणतो मोठा टर्बो टाकू, बूस्ट, म्हणजे हवेचा दाब, वाढवू, घाट पळत चढेल. भावाला हे पटलंय. पण हा टर्बो कशामुळे गेला, ते तिघांपैकी एकानेही सांगितलं नाही. कारण तसंच राहिलं तर नवाही जाईल, ही माझी खरी भीती. रात्री भाऊ एकटा असतो, गाडी घाटात बंद पडायला नको.

प्रतिसाद:
दादा, गाडी चालू केली नाहीत हे फार चांगलं केलंत. टर्बोतून ऑइल इंजिनात ओढलं गेलं तर डिझेल इंजिन त्याच ऑइलवर पळत सुटतं, चावी काढूनही थांबत नाही.

शाफ्टला बाजूला किंचित प्ले (ढिलेपणा) चालतो, कारण तो ऑइलच्या पडद्यावर तरंगत फिरतो. पुढे-मागे हलणं मात्र बेअरिंग गेल्याचं लक्षण. शाफ्ट मिनिटाला लाखाच्या पुढे फेरे घेतो, ऑइल क्षणभर कमी पडलं तरी खेळ संपतो. म्हणून आधी ऑइल येण्याचा बारीक पाइप आणि त्याचा पोकळ बोल्ट काढून बघा. मग ऑइल परत जाण्याचा पाइप, इंजिनाचा ब्रीदर (आतला वायू बाहेर सोडणारी नळी) आणि एअर फिल्टर. फिल्टर चोंदला असेल तर टर्बो सीलमधून ऑइल ओढतो. आणि घाट चढून आल्यावर गाडी लगेच बंद करता का?

बॉडी घासली आहे, त्यामुळे नुसत्या कोरच्या फंदात पडू नका. मोठा टर्बोही नको. मोठा पंखा उशिरा वेग घेतो, म्हणजे कमी आरपीएमला, जिथे भरलेली गाडी ओढायची, तिथेच ती मंद होईल. जास्त हवेसोबत डिझेल वाढवलं तर उष्णता वाढून पिस्टन, हेड गॅस्केट आणि क्लचवर येईल. शिवाय कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा गाडी बदलायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, उद्या विम्याचा क्लेम अडू शकतो.

धागाकर्ता:
तुमचा प्रश्न वाचून भावाकडे बघितलं. घाट चढला की घाटनदेवीजवळ चहाला थांबतो आणि थांबल्या थांबल्या चावी बंद. आज ऑइल येण्याचा पाइप काढला, आतून काळ्या कोळशाने इतका भरलाय की तारही जात नाही. तापलेल्या टर्बोत ऑइल जागच्या जागी करपत होतं. फिल्टरही शेतरस्त्याच्या धुळीने गच्च.

भाऊ आता मूळ मापाच्या नव्या टर्बोला तयार झालाय. सोबत नवा पाइप, ऑइल आणि दोन्ही फिल्टर घेतोय.

आता एवढंच सांगा: इंटरकूलर डिझेलने धुवून किती वेळ वाळवायचा? आणि पहिल्या स्टार्टआधी टर्बोत ऑइल ओतून, इंजेक्टरचे कनेक्टर काढून किती वेळ सेल्फ मारायचा? शुक्रवारपर्यंत शेजाऱ्यांची गाडी भाड्याने घेतली आहे.