मदत हवी आहे: आईचं नाव दादाच्या रेशनकार्डावर, उपचार माझ्याकडे. फुले योजनेत (सरकारी मोफत उपचारांची योजना) बसेल का?

रानजाई

नमस्कार मंडळी. थोडं सविस्तर लिहितेय, गोंधळ नीट कळावा म्हणून.

आईच्या (वय ६६) हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, आजच्या आज नको, पण दोन महिन्यांच्या पुढे ढकलू नका. वर्षभरापासून आईबाबा माझ्याकडे असतात. दोघांची नावं मात्र गावी मोठ्या दादाच्या केशरी कार्डावर आहेत. त्यातून कार्डावर आई 'सुमनबाई' आणि आधारवर नुसती 'सुमन'. ओळखीचे एक एजंट म्हणतात, आधी दादाच्या कार्डातून नाव कमी करा, तुमच्या कार्डात चढवा, मग आयुष्मान कार्ड (योजनेचं ओळखपत्र) काढू. त्याचे पैसेही सांगितलेत. माझे मिस्टर रिक्षा चालवतात, मी शिवणकाम करते. ऑपरेशनचा आकडा ऐकूनच हातपाय गळालेत. नाव हलवायचं का?

घाटमाथा

ताई, नाव अजिबात हलवू नका!

योजना कार्डावरच्या कुटुंबाला मिळते. रुग्ण कोणाच्या घरी राहतो याच्याशी तिचा संबंध नाही. दादाचं कार्ड चालू असेल आणि त्यात आई असेल तर ती आजच लाभार्थी आहे. आता नमुना ९ भरून नाव कमी केलंत आणि तुमच्याकडचा नाव चढवायचा नमुना ८ पुरवठा शाखेत अडकला, तर आई ना इकडची ना तिकडची. माझ्या मावशीच्या बाबतीत हेच झालं. साडेतीन महिने नाव कुठल्याच कार्डावर नव्हतं आणि आम्ही रोज तहसीलच्या बाकावर.

एक मात्र आहे. वर्षाचे ५ लाख अख्ख्या कुटुंबाला मिळून असतात, माणशी नाही. आईचा खर्च दादाच्या कार्डातून वजा होणार, तेव्हा वहिनींच्या कानावर आधीच घाला. नंतर कळलं की उगाच मनात राहतं.

कडुनिंब

५ लाख नाही हो, फुले योजनेत दीड लाख मिळतात. आमच्या शेजाऱ्यांना तेवढेच मिळाले होते.

घाटमाथा

ते जुनं झालं. १ जुलै २०२४ पासून ५ लाख आहेत, आणि पांढरं कार्डही बसतं.

मुक्कामपोस्ट

मी आरोग्यमित्र (रुग्णालयात योजनेचं काम बघणारा माणूस) म्हणून काही वर्षं काम केलंय, म्हणून चार ओळी.

पहिलं काम, कार्डाचा १२ अंकी ऑनलाइन नंबर शोधा. रेशन दुकानात अंगठा लावल्यावर निघते त्या पावतीवर तो असतो. लाल शाईने हाताने लिहिलेला जुना नंबर चालत नाही. दादाला पावतीचा फोटो पाठवायला सांगा. मग आयुष्मान ॲपवर आईचं ई-केवायसी (ओळख पडताळणी) तुम्ही घरी बसून करू शकता, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. फुकट आहे, एजंटला पैसे कशाला? 'सुमन' आणि 'सुमनबाई' हा फरक किरकोळ. जुळणी कमी आली तर अर्ज मंजुरीसाठी वर जातो, दिवस मोडतात, म्हणून आजच करा.

दुसरं, रुग्णालय योजनेत आहे का, आणि हृदयशस्त्रक्रियेसाठी आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. योजनेच्या हेल्पलाइनवर, १५५३८८ वर, दोन्ही विचारा. गेल्यावर बिलिंगच्या खिडकीत उभं राहू नका. आरोग्यमित्राच्या टेबलावर जा, टू-डी इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट आणि मूळ कार्ड घेऊन. रुग्णालय ऑनलाइन पूर्वमंजुरी मागतं, ती आल्यावर शस्त्रक्रिया.

तिसरं, आणि इथे लोक हमखास फसतात. 'आत्ता डिपॉझिट भरा, योजनेतून परत मिळेल' असं कोणी म्हणालं तर भरू नका. योजना कॅशलेस आहे, आधी भरून मागून परतावा घ्यायची नाही. त्याच नंबरवर तक्रार करा.

कडुनिंब

ते सत्तरीवाल्यांचं कार्ड का नाही काढत? त्याला उत्पन्नाची अटच नाही म्हणे.

मुक्कामपोस्ट

त्याला वय वंदना कार्ड म्हणतात. आई ६६ च्या, त्यामुळे नाही. बाबा सत्तरीपुढे असतील तर त्यांचं जरूर काढा. आधारवरचं वय पुरतं आणि त्याचे ५ लाख वेगळे असतात.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. एजंटला नाही म्हणून कळवलं. दादाने पावतीचा फोटो पाठवला, १२ आकडे स्पष्ट दिसतायत. ॲपवर आईचं नाव सापडलं! पण ओटीपी बाबांच्या जुन्या नंबरवर जातोय, ते सिम कधीच बंद पडलंय. आता आधी आधारला नंबर जोडू का?

मुक्कामपोस्ट

थांबायची गरज नाही. अंगठ्याने किंवा चेहऱ्याने पण केवायसी होतं. आईंना घेऊन जवळच्या सेवा केंद्रात जा. अंगठे झिजलेले असतील तर चेहऱ्याचं करा म्हणावं.

रानजाई

अंगठा तीनदा नाही लागला, आयुष्यभर निंदणी-खुरपणी केलेले हात. चेहऱ्याने झालं. मंजुरीसाठी गेलंय. वहिनीला फोन केला तर म्हणाली, "विचारायचं काय त्यात, मूळ कार्ड भावजींबरोबर पाठवते." सोमवारी आरोग्यमित्राला भेटायचंय, काय होतं ते इथेच कळवते.