प्रतिसाद : सगळ्या पेढ्या इंग्रजांच्या नव्हत्या

शेरी या स्पॅनिश वाइनच्या सगळ्या पेढ्या इंग्रजांनी काढल्या, असं वर एकांनी लिहिलंय. ते मला पटत नाही. पेढ्यांना आपलं नाव देणाऱ्यांपैकी ऑस्बोर्न इंग्रज खरा, पण गार्वे आयरिश होता, सँडमन स्कॉटिश. दोमेक घराणं मूळचं फ्रेंच, आणि त्यांच्या पेढीची सुरुवात १७३० साली पॅट्रिक मर्फी या आयरिश माणसापासून मानतात.

गोन्झालेस बायासचं उदाहरण तर बघाच. १८३५ साली दक्षिण स्पेनच्या अंदालुसिया प्रांतातल्या हेरेस शहरात ही पेढी काढली मानुएल मारिया गोन्झालेस या अंदालुसियातल्याच तरुणाने. वाइनची जाण होती त्याच्या मामाला, होसे आंखेल यांना. इंग्लंडला गडद, जड शेरी हवी असायची. मामांना आवडायची फिनो, म्हणजे फिकी, कोरडी (गोड नसलेली) शेरी. भाच्याने त्यांच्यासाठी वेगळी पिंपं राखली आणि त्या वाइनला मामांचंच नाव दिलं, 'तिओ पेपे', म्हणजे 'पेपेमामा' (पेपे हे होसेचं लाडाचं रूप). रॉबर्ट बायास हा त्यांचा लंडनमधला एजंट, तो भागीदार झाला १८५५ मध्ये. म्हणजे बाजारपेठ आणि बरंचसं भांडवल परकं असलं, तरी चव तिथल्याच माणसांनी घडवली. त्यांचं श्रेय त्यांना मिळायलाच हवं.

रुमासा या स्पॅनिश उद्योगसमूहाने गिळलेल्या आणि १९८३ मध्ये स्पेनच्या सरकारने ताब्यात घेतलेल्या पेढ्यांबद्दलही कुणीतरी सविस्तर लिहा.