युद्धाच्या गेममधल्या 'इमोशनल सीन'ला मराठीत काय म्हणावं?

मूळ प्रश्न

सैनिकी व्हिडिओ गेम्सवर मराठीत लिहायला घेतलंय आणि एकाच शब्दाशी सारखा अडतोय. 'कॉल ऑफ ड्यूटी ४ : मॉडर्न वॉरफेअर' (२००७) मध्ये अणुस्फोटानंतर सार्जंट पॉल जॅक्सन कोसळलेल्या हेलिकॉप्टरमधून कसाबसा बाहेर येतो. त्याला आपणच पुढे नेत असतो. वाटतं, आता कुठेतरी आडोसा मिळेल, कुणीतरी येईल. कुणी येत नाही, तो तिथेच मरतो. 'हेलो : रीच' (२०१०) च्या अखेरीला पडद्यावर एकच उद्दिष्ट येतं, तग धरा, आणि तग धरता येणारच नसतो. 'मेटल गिअर सॉलिड ३' (२००४) मध्ये ज्या बाईने आपल्याला घडवलं त्या द बॉसवर शेवटची गोळी झाडायची असते. आपण बटण दाबेपर्यंत दृश्य पुढे सरकत नाही.

तिन्ही ठिकाणी मी 'भावनिक प्रसंग' असं लिहिलं आणि तिन्ही ठिकाणी ते फिकं पडलं. 'भावुक क्षण', 'करुण प्रसंग', 'हृदयद्रावक', की सरळ 'इमोशनल'? आणि सैनिक मेला हे सांगताना 'वीरमरण', 'हुतात्मा', 'शहीद', 'धारातीर्थी पडला', 'ठार झाला' यांतलं कुठे काय शोभेल?

प्रतिसाद

आधी सोपं उरकतो. 'भावुक' माणूस असतो, क्षण नसतो. ज्याचं मन चटकन भरून येतं तो भावुक. 'भावुक क्षण' आता सर्रास लिहितात, पण तो क्षण कुणाला तरी भावुक करतो, स्वतः भावुक नसतो. शब्द तत्सम आहे म्हणून 'वु' ऱ्हस्व.

'भावनिक' म्हणजे भावनेशी संबंधित, एवढंच. भावनिक आधार, भावनिक प्रश्न, भावनिक गुंतवणूक. त्यात दुःख आहे की आनंद हे तो शब्द सांगत नाही. तुम्हाला तो फिका वाटतो तो त्यामुळेच.

'हृदयद्रावक' शक्यतो टाळावा. द्रवणे, वितळणे हा मूळ अर्थ फार चांगला आहे, पण अपघातांच्या बातम्यांत तो इतका झिजलाय की वाचताना काही वितळत नाही.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण मला वाटतं शोध विशेषणांत घ्यायलाच नको. दुःखाच्या बाबतीत मराठीचं खरं धन तिच्या नामांत आहे. हळहळ, चटका, चुटपुट, रुखरुख, हुरहूर, खंत, टोचणी, सल. प्रसंग कसा होता हे सांगत बसण्यापेक्षा खेळणाऱ्याच्या मनात काय उरलं ते लिहा, यांतला एक शब्द आपोआप पुढे येईल. गेम हे माध्यम असं आहे की त्यात एक प्रश्न नेहमी विचारता येतो : हे घडलं तेव्हा माझा हात कुठे होता? माझ्या मते या शब्दांची विभागणी त्या प्रश्नावर होते.

जिथे आपण नुसते साक्षीदार असतो तिथे हळहळ. 'कॉल ऑफ ड्यूटी' मालिकेतल्याच 'मॉडर्न वॉरफेअर ३' (२०११) मध्ये प्रागमध्ये सोप मॅकटॅव्हिश मरतो. आधीच्या खेळांपासून ओळखीचा झालेला माणूस, बाजूला कॅप्टन प्राइस, आणि आपल्याला करण्यासारखं काही नाही. हळहळ ही अशी बाहेर उभं राहून वाटणारी असते. गाव हळहळलं असं आपण म्हणतो. ती खरी असते, पण तीत अपराध नसतो.

चटका अचानकपणाचा. 'रीच' मध्ये नोबल टीम या आपल्या तुकडीतली कॅट चालू धावपळीत एका दूरच्या गोळीने जाते. ना निरोप, ना शेवटचं वाक्य. लांबलेल्या मरणाला 'चटका लावणारं' म्हणू नये असं मला वाटतं. 'मॉडर्न वॉरफेअर २' (२००९) मध्ये रोच आणि घोस्ट धडपडत हेलिकॉप्टरपाशी पोचतात आणि त्यांचाच जनरल शेपर्ड त्यांना गोळ्या घालतो, तोही चटकाच. त्यात विश्वासघात मिसळल्यामुळे संताप जास्त येतो आणि दुःख मागाहून.

चुटपुट आणि रुखरुख आपण सरसकट एकमेकांच्या जागी वापरतो. माझ्या कानाला चुटपुट हलकी वाटते, थोडक्यात हुकल्याची. 'एक्सकॉम : एनिमी अननोन' (२०१२) मध्ये नेम बसण्याची शक्यता भरपूर दाखवत असूनही गोळी हुकते, ती चुटपुट. पण त्या खेळात मेलेला सैनिक परत येत नाही, आणि त्याला नाव अनेकदा आपणच दिलेलं असतं. आपल्या हुकमाने तो उघड्यावर गेला, मेला, आणि तळावरच्या स्मृतिभिंतीवर त्याचं नाव लागलं. पुढच्या मोहिमेतही ते आठवत राहतं ती रुखरुख. रुखरुखीत 'करता आलं असतं' हे गृहीत असतं.

याचं सर्वांत नेमकं उदाहरण त्याच मालिकेतल्या 'वर्ल्ड ॲट वॉर' (२००८) मध्ये आहे. ओकिनावावर, शुरीच्या किल्ल्यात, शरण येत असल्याचं भासवणारे जपानी सैनिक एकाच वेळी रोबक आणि पोलोन्स्की या आपल्या साथीदारांवर झडप घालतात. वेळ एकालाच वाचवण्यापुरता असतो. दोघंही बराच काळ बरोबर होते. कुणालाही वाचवा, दुसऱ्याची रुखरुख राहतेच. तिथे 'भावनिक प्रसंग' लिहिणं म्हणजे त्या खेळाने जे साधलंय ते पुसून टाकणं.

मग टोचणी. ही सदसद्विवेकाची असते, म्हणून आपण काही वाईट केलेलं असावं लागतं. 'स्पेक ऑप्स : द लाइन' (२०१२) मध्ये वाळूत गाडल्या गेलेल्या दुबईत कॅप्टन वॉकरच्या हातून आपण व्हाइट फॉस्फरस, म्हणजे माणसाला जाळणारं रसायन, डागतो. वरून पाहणाऱ्या कॅमेऱ्यात माणसं फक्त पांढरे ठिपके दिसतात. मग खेळ आपल्याला त्याच छावणीतून पायी चालवतो आणि तिथे आसऱ्याला आलेले नागरिक जळालेले असतात. त्या चालण्यात जे होतं त्याला हळहळ म्हणता येणार नाही, ती टोचणी आहे. 'धिस वॉर ऑफ माइन' (२०१४) मध्ये सैनिक नव्हे तर वेढ्यात अडकलेले नागरिक आपल्या हाती असतात. साराजेव्होच्या वेढ्यावरून ती कल्पना सुचली होती. एका घरात म्हातारं जोडपं राहतं. त्यांचं अन्न आणि औषधं उचलली तर ते अडवू शकत नाहीत. उचलून परत या, आपलीच पात्रं बोलून दाखवू लागतात, त्यांचं खाण्यापिण्यात आणि कामात लक्ष लागेनासं होतं. त्या अवस्थांना मराठीत उतरवायचं झालं तर मी 'उदास', 'खिन्न' आणि 'खचलेला' अशी चढती भांजणी लावीन. 'निराश' इथे नको, निराशेत आशा मोडल्याचा अर्थ आहे आणि इथे माणूस मोडतो.

आणि शेवटी सल. संस्कृत शल्य, प्राकृत सल्ल, मराठी सल. शल्य म्हणजे देहात घुसून राहिलेलं बाणाचं टोक किंवा काटा. शल्यक्रिया हा शब्दही त्यातूनच आलाय. म्हणजे हा शब्द आला तोच रणांगणाजवळून. जखम वरून भरते आणि आत टोक राहतं. द बॉसवरची ती गोळी हा सल आहे. पांढऱ्या फुलांच्या त्या माळावर तिला मारल्यानंतर कळतं की ती फितूर नव्हतीच, देशाच्या आज्ञेनेच तिने फितुरीचा कलंक पत्करला होता. खेळाने ते दृश्य आपोआप दाखवलं असतं तर हळहळ वाटली असती. बटण आपल्याला दाबायला लावलं म्हणून सल राहतो.

'करुण' हा शब्द मात्र सोडू नका. करुणरसाचा स्थायीभाव शोक, वीररसाचा उत्साह. बहुतेक युद्धखेळ आपल्याला उत्साहाने आत ओढतात आणि मधेच शोकापाशी आणून सोडतात. एका अख्ख्या खेळाविषयी बोलताना 'वीराकडून करुणाकडे वळतो' असं म्हटलं तर जे कळतं ते 'इमोशनल' मध्ये मावत नाही.

प्रतिसाद

फार आवडलं. यात एक भर घालायची आहे. 'मेटल गिअर सॉलिड ५ : द फँटम पेन' (२०१५) मध्ये तळावर साथ पसरते आणि विलगीकरणात ठेवलेल्या आपल्याच सैनिकांना आपल्याला मारावं लागतं. ही माणसं आपणच एकेक करून जमवलेली असतात. काही जण पळत नाहीत, सलाम करून उभे राहतात. तिथे टोचणी म्हणवत नाही, कारण दुसरा मार्ग नाही. रुखरुखही नाही. मराठीत यासाठी नाम नाही पण वाक्प्रचार आहे : काळजावर दगड ठेवून. 'काळजावर दगड ठेवून त्याने आपल्या माणसांवर गोळ्या झाडल्या.' मला तरी याहून नेमकं सुचत नाही.

प्रतिसाद

मरणाच्या शब्दांबद्दल. इथे चूक झाली तर ती भाषेची राहत नाही, मेलेल्या माणसाबद्दल आपण खोटं बोलतो, म्हणून थोडं सविस्तर.

'हुतात्मा' म्हणजे ज्याने स्वतःची आहुती दिली तो. 'शहीद' अरबीतून आला, मुळात साक्षीदार आणि मग श्रद्धेसाठी प्राण देणारा. दोन्हींत कशासाठी तरी, ठरवून, हे अनुस्यूत आहे. 'टायटनफॉल २' (२०१६) मध्ये आपल्या पायलटला वाचवण्यासाठी स्वतःला संपवणाऱ्या बीटी या यंत्राबद्दल 'आत्मबलिदान' लिहायला मी कचरणार नाही, आणि तिथे खेळणाऱ्याला गहिवरून येतं हेही लिहीन. गहिवरात दुःखाबरोबर माया असते. ती नुसत्या शोकात नसते.

'वीरमरण' ला लढत असणं लागतं. 'रीच' च्या शेवटी शिरस्त्राणाची काच तडकलेली असताना लढत राहणारा नोबल सिक्स, म्हणजे आपण खेळतो ते पात्र, त्याला वीरमरण आलं, तो धारातीर्थी पडला. धारा म्हणजे शस्त्राची धार, तिलाच तीर्थ मानलंय. आता तलवार नसली तरी शब्द रूढ आहे.

जॅक्सनला मात्र मी वीरमरण लावणार नाही. तो अडकलेल्या वैमानिक स्त्रीला सोडवायला मागे वळलेल्या हेलिकॉप्टरमध्ये होता, ते शौर्यच. पण तो मेला ते स्फोटाने, कुणाशी लढता लढता नव्हे, आणि ती सुटकाही वाया गेली. खेळाला नेमकी ती निरर्थकता दाखवायची आहे. 'वीरमरण' लिहिलं की आपण तिच्यावर हार घालतो. 'त्याचे प्राण गेले' पुरे.

जुन्या मराठीत दोन शब्द याहून कठोर आहेत. 'कामी येणे', म्हणजे लढाईत मरणे. आणि 'खर्ची पडणे'. हा दुसरा शब्द मला 'कॅनन फॉडर' (१९९३) साठीच केल्यासारखा वाटतो. त्यात टेकडीखाली नवे रंगरूट रांग लावून उभे असतात, आणि मोहिमेगणिक टेकडीवर थडगी वाढत जातात. प्रत्येक सैनिकाला नाव आहे. पन्नास जण हुतात्मे झाले असं तिथे म्हणवत नाही, ते खर्ची पडले. माणूस हिशेबात गेला हे त्या क्रियापदातच आहे.

'बॅटलफील्ड १' (२०१६) चा आरंभ तर सगळी विशेषणं गळून पडावीत असा आहे. आपण मेलो की पडद्यावर त्या सैनिकाचं नाव, जन्मसाल, मृत्यूसाल येतं आणि आपण दुसऱ्या कुणाच्या देहात असतो. त्याबद्दल लिहिताना 'पडला' एवढंच क्रियापद वापरा.

नागरिकांसाठी 'बळी'. 'ठार' अधिकृत पत्रकात शोभतो.

मूळ प्रश्नकर्ता

एक अडचण राहिली. 'व्हॅलियंट हार्ट्स : द ग्रेट वॉर' (२०१४) मधला एमिल. फ्रेंच शेतकरी, पहिल्या महायुद्धात सक्तीने भरती झालेला. निरर्थक हल्ल्यांत माणसं मरताना बघून तो फावड्याने अधिकाऱ्याला मारतो, अधिकारी मरतो, आणि लष्करी न्यायालय एमिलला गोळ्या घालण्याची शिक्षा देतं. त्या खांबापर्यंत त्याला आपणच चालवत नेतो, वर त्याचं मुलीला लिहिलेलं शेवटचं पत्र ऐकू येत असतं. हे वीरमरण नाही, बलिदान नाही, बळी म्हटलं तर त्याने केलेली हत्या झाकली जाते.

प्रतिसाद

'त्याला देहान्ताची शिक्षा झाली.' शिक्षेला शिक्षा म्हणा, अन्याय वाचणाऱ्याला दिसेल. १९१७ साली फ्रेंच सैन्यात आज्ञाभंगाची लाट उसळली होती आणि काही सैनिकांना खरोखरच गोळ्या घातल्या गेल्या होत्या, तो संदर्भ द्यावा. खेळणाऱ्याच्या मनासाठी 'गलबलून येणे' घ्या. रडू फुटायच्या आधी आत जे ढवळून निघतं ते. आणि तुम्ही लिहिलेल्या वाक्यातलं 'आपणच चालवत नेतो' तसंच ठेवा.

प्रतिसाद

आणि 'एफ' चं काय? 'ॲडव्हान्स्ड वॉरफेअर' (२०१४) मध्ये मित्राच्या अंत्यविधीला शवपेटीसमोर उभं असताना संगणकावर खेळणाऱ्याला आदर व्यक्त करण्यासाठी एफ दाबायची सूचना येते. तिथून ते अक्षर गप्पांमध्ये पसरलं. आता मराठी मुलंही कुणी हरलं, कुणाचा फोन फुटला तरी 'एफ' टाकतात.

प्रतिसाद

'एफ' चा अर्थ आता 'अरेरे' च्या जवळ गेलाय, तसाच वापरू द्यावा. त्या मूळ दृश्याला 'श्रद्धांजली' हा शब्द आहे, पण मला ते दृश्य कधीच भिडलं नाही. द बॉसच्या वेळीही बटणच दाबायचं होतं. तिथे बटण म्हणजे कृत्य होतं, इथे ते शोकाचं प्रात्यक्षिक झालं. कळ दाबली नाही तरी मित्र मेलेलाच राहतो. म्हणून त्या प्रसंगाबद्दल लिहिताना मी 'उपचार' हा शब्द वापरीन, उपचारापुरतं वाहिलेलं फूल असतं त्या अर्थाने.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार, लेख पुन्हा लिहायला घेतो. जाता जाता, तो सल की ती सल?

प्रतिसाद

दोन्ही वाचनात येतात. मी 'मनातला सल' असं पुल्लिंगीच लिहिते. एका लेखात एकच लिंग ठेवा म्हणजे झालं.